शेऱ्याचा रकाना

जमिनीच्या कागदांशी आपल्या साहित्याचे नाते जुने आहे. फकीरमोहन सेनापती यांची ओडिया कादंबरी ‘छ माण आठ गुंठ’ १९०२ साली पुस्तकरूपाने आली. तिचे नावच मुळी जमिनीचे एक माप आहे. श्रीलाल शुक्ल यांच्या ‘राग दरबारी’त (१९६८) लंगड नावाचा मनुष्य लाच न देता एक नक्कल मिळावी म्हणून तहसील कचेरीत खेटे घालीत राहतो. या लेखनात कागद आहे, कागदासाठी झिजणारा आहे, कागद अडवून धरणाराही आहे. कागद वाचणारा मात्र फारसा कोठे दिसत नाही. गेली काही वर्षे आम्ही दोघे हे वाचण्याचेच काम करीत आहोत. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना त्याविषयी काही सांगावे, असे बरेच दिवस मनात होते.

आमची कंपनी कन्हानला आहे. नागपूर-जबलपूर रस्त्यावर, नदीवरचा पूल ओलांडला की कामठी; अलीकडे कोळशाच्या खाणी आणि त्यांच्या वसाहती. हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आम्ही सातजण बसतो. प्लॉट घेऊ पाहणाऱ्यांना आणि कर्ज देणाऱ्या संस्थांना जमिनीच्या मालकीचा अहवाल द्यायचा, तोही वकिलापेक्षा लवकर आणि स्वस्तात, हा कंपनीचा उद्योग. दोघे अभियंते आज्ञावली लिहितात, एक भाऊ कचेऱ्यांतून नकला आणतात, एक बाई हिशेब आणि फोन सांभाळतात, एक मालक आहेत आणि उरलेले आम्ही दोघे, मराठीचे एम. ए., जुने कागद वाचून त्यांतला मजकूर रकान्यांत भरतो. पगार वेळेवर होतो, पावसाळ्याचे दोन महिने सोडून. तेव्हा प्लॉट विकले जात नाहीत.

हे काम यांत्रिक असेल, असे आम्हांलाही प्रथम वाटले होते. पहिल्याच महिन्यात तो समज दूर झाला. एका जुन्या नोंदीत क्षेत्र ‘२.२०’ असे होते. आमचे अभियंते पश्चिम महाराष्ट्रातले. त्यांनी ते दोन एकर वीस गुंठे असे धरले, म्हणजे अडीच एकर. परंतु आमच्याकडच्या जुन्या नोंदी एकर आणि डिसमिलमध्ये आहेत. एकराचे गुंठे चाळीस आणि डिसमिल शंभर. तेव्हा तेच ‘२.२०’ म्हणजे सव्वादोन एकराहूनही किंचित कमी. एका टिंबाच्या दोन वाचनांत बारा गुंठ्यांचे, म्हणजे सुमारे तेरा हजार चौरस फुटांचे अंतर पडले होते. लेआउटमध्ये एवढ्या जागेत आठ-दहा प्लॉट बसतात. पाठभेद म्हणजे काय, हे आम्ही वर्गात संतवाङ्मयाच्या पोथ्यांच्या निमित्ताने शिकलो होतो. तो कोणाच्या डोक्यावरचे छप्पर काढून घेऊ शकतो, हे येथे कळले.

या चुकीमागे इतिहास आहे. नागपूर हे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाचे राजधानीचे शहर होते. त्यामुळे आमच्या टेबलावरच्या कागदांत मराठी, हिंदी आणि फारसी वळणाची कचेरीची भाषा एकमेकींत मिसळलेल्या असतात. मालगुजारी गेल्यानंतरचे १९५४-५५ चे अधिकार अभिलेख, खसरा, पटवारी हलका, भूमिस्वामी आणि भूमिधारी, धुरा, पांदण या शब्दांना पुण्याच्या आज्ञावलीत जागा नव्हती. ती आम्ही एकेक करून मागून घेतली. शिवाय महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत (१९६६) दोन दस्तऐवज असे आहेत, की ज्यांची कलमे केवळ विदर्भाला लागू होतात. पहिला निस्तार पत्रक: गावातल्या बिनभोगवट्याच्या जमिनीवर चराई, सरपण इत्यादींची व्यवस्था कशी, ते त्यात लिहिलेले असते. दुसरा वाजिब-उल-अर्ज: सरकारच्या ताब्यात नसलेल्या जमिनीतून गावाची जाण्यायेण्याची, पाण्याची, मासेमारीची वहिवाट काय आहे, याची ही नोंद. खाजगी शेतावर गावाचा एखादा हक्क चालत आलेला असेल, तर तो येथे सापडतो. सातबारावर तो सापडेलच असे नाही.

आता घडलेली गोष्ट. आमच्या अहवालाच्या पहिल्या पानावर चार खुणा असतात: मालकी, बोजा, दावा आणि क्षेत्र. ठीक असेल तर हिरवी, शंका असेल तर पिवळी, दोष असेल तर तांबडी. खाणीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ भविष्यनिर्वाह निधीचे पैसे घेऊन प्लॉट पाहत होते. लेआउटच्या जमिनीचे कागद आमच्याकडे आले, ते आम्ही वाचले, आणि वाजिब-उल-अर्जात एक ओळ आढळली: या खसऱ्याच्या पूर्वेकडील धुऱ्याने गावची गुरे नदीवर जातात. ते पाहत असलेला प्लॉट पूर्वेच्याच कडेला होता. आम्ही ती ओळ शेऱ्यात लिहिली. चारही खुणा हिरव्या होत्या, आणि त्या खोट्या नव्हत्या: मालकी निर्वेध होती, बोजा नव्हता, दावा नव्हता, क्षेत्र जुळत होते. ते गृहस्थ अहवाल न्यायला आले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “हिरवं हाय न सर? मंग झालं.”

त्यांनी रजिस्ट्री केली, कुंपण घातले. पुढच्या पावसाळ्यात गुराख्यांनी ते मोडले. गावकऱ्यांनी मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ याखाली तहसीलदारांकडे दाद मागितली: वहिवाटीचा रस्ता अडवला आहे, तो मोकळा करून द्यावा. ते गृहस्थ पुन्हा आमच्याकडे आले. त्यांनी आवाज चढवला नाही. खुर्चीत बसले, पाणी घेतले आणि म्हणाले, “सर, तुम्हाले मालूम होतं काय?” आम्ही म्हणालो, हो, शेऱ्यात लिहिले होते. “कुठं?” आम्ही अहवाल उघडला. शेरा दुसऱ्या पानाच्या तळाशी, बारीक टाइपात होता. आज्ञावलीने त्या रकान्याला शंभर अक्षरांची मर्यादा घातली होती. आमच्या शेऱ्यातली खसऱ्याची, मौजाची, पटवारी हलक्याची ओळख तेवढी आत मावली होती, आणि वाक्य ‘पूर्वेकडील धु’ येथे तुटले होते.

खोलीत सातहीजण होते. मर्यादा घालणारे अभियंते तीन हातांवर बसले होते, नकला आणणारे भाऊ दारात उभे होते, बाईंच्या हातातला फोन तसाच राहिला होता. लहान कंपनीत काम करणे म्हणजे काय, असे कोणी विचारले तर आम्ही ही दुपार सांगतो. मोठ्या संस्थेत तक्रारीला क्रमांक मिळतो, आणि ज्याच्या हातून चूक झाली त्याला तक्रार करणाऱ्याचा चेहरा बहुधा दिसत नाही. येथे ‘सिस्टिमने कापले’ असे म्हणायची सोय नव्हती, कारण सिस्टिम समोरच्याच टेबलावर डबा उघडून बसली होती. आम्हीही सुटलो नव्हतो. मर्यादा आहे हे आम्हांला ठाऊक होते. महत्त्वाचे आधी लिहावे, एवढा लेखनाचा साधा नियम आम्ही पाळला नव्हता.

त्यानंतरचे आठ दिवस वादाचे गेले. मालकांचे म्हणणे येथे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ते म्हणाले, लांब शेरे कोणी वाचत नाही. कर्ज देणारी संस्था एका पानाचा अहवाल मागते. वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल पुष्कळ लांब असतो, आणि तोही सही पाहून फायलीत जातो. लोकांना उत्तर हवे असते, निबंध नको असतो. शिवाय अंकीय नोंदींनी गरिबाचे भलेच झाले आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून घरबसल्या निघतो, महारेरामुळे २०१७ पासून नोंदणीयोग्य प्रकल्पांची माहिती कोणालाही पाहता येते. लंगडला जी नक्कल मिळाली नाही, ती आज त्याला फोनवर मिळाली असती. हे सारे आम्हांला मान्य आहे. जुन्या बस्त्यांविषयी आम्हांला हळवेपणा नाही. ती धूळ आम्ही खाल्ली आहे.

तरीही मालकांचे म्हणणे एका ठिकाणी चुकते, असे आम्हांला वाटते. अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असे संहितेचे कलम १५७ सांगते. केवळ फेरफाराच्या नोंदीने मालकी मिळत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. म्हणजे कायदा स्वतः या कागदाकडे निकाल म्हणून पाहत नाही. खोडून काढता येईल असे विधान म्हणून पाहतो. कायद्याने राखलेली ही शंका हिरव्या खुणेत उरत नाही. खूण कायद्यापेक्षाही अधिक खात्रीने बोलते, आणि ही जास्तीची खात्री कागदात कोठेच नसते. ती आम्ही विकतो.

जुन्या खरेदीखतातली चतुःसीमा पाहा. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस नाला, उत्तरेस पांदण, दक्षिणेस तमक्याचा धुरा. या वर्णनात शेजाऱ्यावाचून जमीन सांगताच येत नाही. अक्षांश-रेखांशांनी ती अधिक अचूक सांगता येते, मोजणीचे तंटेही त्याने कमी होतील. पण त्या आकड्यांत शेजारी नसतो, आणि नदीवर जाणारी गुरे तर नसतातच. ती कोठेतरी लिहिलेली राहायला हवीत, आणि आमच्या अहवालात त्यांच्यासाठी शेऱ्यावाचून दुसरी जागा नाही.

अखेर असे ठरले, की शेरा असेल तर तो पहिल्या पानावर, खुणांच्या वर, पूर्ण छापायचा, आणि अहवाल देताना तो ग्राहकाला वाचून दाखवायचा. एका कर्ज देणाऱ्या संस्थेने त्यानंतर आमच्याकडून अहवाल घेणे थांबवले. त्यांना एकच पान हवे होते आणि आमचे आता दीड होते. त्या वर्षी पगार तीन महिने लांबले. मालकांनी निर्णय फिरवला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. त्या गृहस्थांचे प्रकरण मात्र तहसीलात अजून चालू आहे. तारखेला आम्हांपैकी एकजण त्यांच्याबरोबर जातो. कागद वाचून दाखवायला कोणी लागते.

मराठीच्या शिक्षकांना एक विनंती आहे. विद्यार्थी विचारतात, एम. ए. करून पुढे काय? त्यांना प्राध्यापकी आणि वृत्तपत्रे यांपलीकडचे उत्तर आपण क्वचितच देतो. एखाद्या तासाला खरेदीखत किंवा फेरफाराची नोंद वर्गात आणावी. हे कोण बोलते आहे, कोणाच्या सांगण्यावरून, कोणते नाव गाळले आहे, माप कोणते धरले आहे, हे प्रश्न आपण कवितेला विचारतो तसेच तिलाही विचारावेत. अशा कंपन्या आता तालुक्याच्या गावांतूनही निघू लागल्या आहेत. त्यांत आज्ञावली लिहिणारे पुष्कळ भेटतात. शेरा कोठे तुटला हे पाहणारे कमी पडतात.