एवढी घोडी झालीस तरी!

"एवढी मोठी घोडी झालीस, तरी अजून खेळ सुचतात?" हे वाक्य एकदाही न ऐकता मोठ्या झालेल्या आपल्यापैकी किती निघतील? मला ते आजीने ऐकवलं, आईने ऐकवलं आणि शेजारच्या काकूंनीही ऐकवलं. मुलगी वयात आली की तिची 'घोडी' होते आणि त्या दिवसापासून तिने धावणं, झाडावर चढणं, पाय पसरून बसणं बंद करायचं असतं. खऱ्या घोडीचं नेमकं उलट असतं. ती अंगाने भरली की तिला मैदानात आणतात. हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही लेकीमुळे.

२६ सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताने घोडेस्वारीतल्या 'ड्रेसाज' या प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळवलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण १९८२ च्या दिल्ली एशियाडनंतर, म्हणजे ४१ वर्षांनी आलं होतं. संघात चौघं होती. इंदूरची सुदीप्ती हजेला, जयपूरची दिव्यकृती सिंग, मुंबईचा हृदय छेडा आणि कोलकात्याचा अनुष अगरवाला. दोन मुली, दोन मुलगे आणि संघ एकच. माझी मुलगी तेव्हा नववीत होती. पुण्याबाहेरच्या एका घोडेस्वारी शाळेत ती दोन वर्षं रविवारी रपेटीला जात होती. ती बातमी पाहून म्हणाली, "आई, मला हेच शिकायचंय. नुसतं गोल गोल फिरायचं नाही."

मी एका सहकारी बँकेत नोकरी करते. शाळेची वाढीव फी माझ्या पगाराचा सहावा हिस्सा खाणार होती. त्या वर्षीची माझी भिशी हेल्मेट आणि बुटांत गेली. लेकीचे बाबा म्हणाले, "तुझं तू बघ." मी बघितलं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी असा एक हंगाम मी रोज पहाटे साडेपाचला स्कूटर काढली. त्या पाच महिन्यांत जे पाहिलं, त्याविषयी मैत्रिणींशी बोलायचं आहे.

ड्रेसाजला कोणी 'घोड्यांचा नाच' म्हणतात, पण तो नाच नव्हे. शिकाऊ स्वारांसाठी २० मीटर रुंद आणि ४० मीटर लांब मैदान आखतात. कडेने इंग्रजी अक्षरांच्या पाट्या असतात. 'ए' या अक्षराकडून आत यायचं, मधोमध थांबून परीक्षकांना अभिवादन करायचं आणि मग ठरलेल्या अक्षरापाशी ठरलेली हालचाल करायची. इथे दुडकी, तिथे २० मीटरचं वर्तुळ, पुढे कॅन्टर, मग लगाम सैल सोडून मोकळी चाल. प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण. चार-पाच मिनिटांत सगळं संपतं. वेग मोजत नाहीत, उडीची उंची मोजत नाहीत. स्वाराने मागितलं ते घोड्याला कळलं का आणि त्याने ते मोकळ्या अंगाने केलं का, हे पाहतात.

लेकीच्या वाट्याला सावली नावाची चौदा वर्षांची घोडी आली. रेसकोर्सवरून निवृत्त झालेली. शर्यतीच्या घोड्यांना लगामाला रेटून पळायची सवय असते. लेक घाबरून लगाम ओढायची आणि सावली आणखी जोरात निघायची. पहिले दोन महिने असेच गेले. शिकवणारे गृहस्थ सैन्यातले निवृत्त दफेदार, सगळे त्यांना 'उस्ताद' म्हणतात. ते एकच सांगत, "हातानं नाही बेटा, बैठकीनं थांबव. श्वास सोड, पाठ धर." आपल्या भाषेत याला 'मांड' असा जुना, नेमका शब्द आहे. डिसेंबरातल्या एका सकाळी तिची मांड बसली. तिने लगाम ओढला नाही, फक्त श्वास सोडला, आणि सावली 'एक्स' या अक्षरावर चारी पाय सारखे टेकून उभी राहिली. पंचेचाळीस किलोंची मुलगी आणि दहापट वजनाचं जनावर! यात ताकदीचा प्रश्न येतोच कुठे?

पण ताकदीचा प्रश्न कोणी काढलाही नव्हता, प्रश्न परवानगीचा होता. ड्रेसाज १९१२ पासून ऑलिम्पिकमध्ये आहे, आणि १९४८ पर्यंत त्यात फक्त सैन्यातल्या कमिशनप्राप्त अधिकाऱ्यांनाच उतरता येई. १९४८ मध्ये स्वीडनच्या संघातला एक स्वार खरा अधिकारी नव्हता म्हणून त्या संघाचं सुवर्णपदक नंतर काढून घेतलं गेलं. १९५२ मध्ये हेलसिंकीला हा नियम गेला आणि स्त्रिया आत आल्या. त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईने वैयक्तिक रौप्यपदक मिळवलं. १९४४ मध्ये, पोटात मूल असताना तिला पोलिओ झाला होता आणि गुडघ्याखालचे पाय कायमचे निकामी झाले होते. घोड्यावर चढायला-उतरायला तिला मदत लागे. तिने अधिकाऱ्यांच्या बरोबरीने, त्याच मैदानात, त्याच गुणांवर पदक घेतलं. १९५६ मध्ये पुन्हा घेतलं.

१९७२ मध्ये म्युनिकला पश्चिम जर्मनीच्या लिझेलोट लिन्सेनहॉफने पहिल्यांदा वैयक्तिक सुवर्ण मिळवलं. तेव्हापासून २०२४ च्या पॅरिसपर्यंत १४ ऑलिम्पिक झाली. त्यात ड्रेसाजचं वैयक्तिक सुवर्ण १३ वेळा स्त्रीला मिळालं आहे, पुरुषाला एकदाच, १९८४ मध्ये. बायकांची शरीरं १९५२ साली अचानक बदलली नाहीत. बदलली ती नियमाची एक ओळ. 'बायकांना हे जमणार नाही' असं कोणी म्हटलं, की मी आता एवढंच विचारते, "नियम काय आहे ते आधी सांगा."

नियम घरातही असतात, फक्त ते छापलेले नसतात. दिवाळीला माझ्या मोठ्या वन्सं आल्या होत्या. लेक पहाटे उठून जाते हे पाहून त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "वहिनी, घोड्यावर बसून मुलींना आतून इजा होते म्हणे. उद्या लग्नात काही निघालं तर?" त्या वाईट नाहीत. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनीच माझं केलं. त्यांना जे सांगितलं गेलं तेच त्या पुढे सांगत होत्या.

मी त्यांना बसवून सांगितलं, आणि इथेही स्पष्ट लिहिते. योनिपटल प्रत्येकीचं वेगळं असतं, काहींना जन्मतःच नावापुरतं असतं. खेळताना, पळताना ते ताणलं किंवा फाटलं जाऊ शकतं आणि त्याने आरोग्याला काही होत नाही. मुलीचा शरीरसंबंध आला आहे की नाही, हे ते पाहून जगातल्या कुठल्याही डॉक्टरला सांगता येत नाही. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही आणि ती बंद झाली पाहिजे असं जाहीर केलं. बलात्काराच्या प्रकरणांतली 'दोन बोटांची चाचणी' करू नये, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात बजावलं आहे. वन्सं ऐकून घेऊन म्हणाल्या, "मला कबड्डीतून याच कारणासाठी काढलं होतं. सातवीत." चाळीस वर्षांत हे त्या पहिल्यांदाच कोणाजवळ बोलल्या.

आता स्पर्धांविषयी. जानेवारीच्या स्पर्धेत लेकीच्या गटात अकरा जण होते, मुलगे आणि मुली एकत्र. तिला ६१ टक्के मिळाले. एका वर्तुळासमोर परीक्षकांनी 'अंड्यासारखं' असा शेरा दिला होता, तो तिने घरी येऊन हसत वाचून दाखवला. फेब्रुवारीतल्या स्पर्धेच्या सकाळी तिची पाळी आली, चार दिवस आधी. नियमपत्रकात पांढरी ब्रीचेस सक्तीची. मैदानावरचं बायकांचं स्वच्छतागृह प्रेक्षकांच्या बाकांमागे, त्याला कुलूप, आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नाही. लेक घोड्यांच्या ट्रकमागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी नाही उतरणार." मी आग्रह केला नाही. दहा मिनिटांनी ती स्वतःच हेल्मेट घालून आली.

तिला ५५ टक्के मिळाले. गुणपत्रिकेच्या खाली परीक्षकांनी लिहिलं होतं, 'स्वार ताठरलेली आहे, कंबर मोकळी हवी.' शेरा अगदी खरा होता. मांड सैल सोडायची तर कंबरेचा विसर पडावा लागतो, आणि त्या पाच मिनिटांत तिचं सगळं लक्ष कंबरेखालच्या पांढऱ्या कापडावर होतं. पण ती का ताठरली हे लिहायला त्या कागदावर रकाना नाही. मैदानात सगळे सारखे हे खरं, पण पांढरे कपडे त्यांच्यातल्या काहीजणींनाच जड जातात. विम्बल्डनसारख्या पांढऱ्याच्या हट्टी स्पर्धेनेही २०२३ पासून मुलींना आतून गडद रंगाची शॉर्ट घालायची मुभा दिली. आपल्या स्थानिक स्पर्धांना गडद ब्रीचेस चालवून घ्यायला काय हरकत आहे? घोड्याला रंगाचं सोयरसुतक नाही.

स्वच्छतागृहाची किल्ली शेवटी कोणी शोधून आणली? आमच्या सईसदादांच्या मुलीने. इथे मला स्वतःविषयीही काही कबूल करायचं आहे.

सईस म्हणजे मोतद्दार. घोड्याला खरारा करणं, दाणापाणी, लीद काढणं, रात्री पोटात दुखलं तर जागणं, सगळं त्यांच्याकडे. हे कुटुंब मराठवाड्यातून आलेलं, पागेलगतच्या खोलीत राहतं. मुलगी तेव्हा सातवीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. सावली तिच्या पावलाचा आवाज ओळखून खिंकाळते. आमच्या स्पर्धांत परीक्षेचा कागद मैदानाबाहेरून मोठ्याने वाचायला कोणी उभं राहिलं तर चालतं. हे काम हंगामभर या मुलीने केलं. 'ए, आत या. एक्स, थांबा. सी, डावीकडे.' तिला अख्खी परीक्षा पाठ होती, कॅन्टर कुठल्या पावलावर मागायचा तेही ती सांगे. मात्र घोड्यावर ती कधीच बसली नव्हती. हंगाम संपल्यावर मी फोटो पाहत होते. ती एकाही फोटोत पूर्ण आलेली नाही. कुठे हात, कुठे ओढणीचं टोक. फोटो मीच काढले होते.

मी शाळेच्या व्यवस्थापकांशी बोलले. ते म्हणाले, "सईसांची मुलं बसवायला लागलो तर फी भरणारे पालक काय म्हणतील?" मग सईसदादांशी बोलले. ते मान खाली घालून म्हणाले, "ताई, नका बसवू तिला. गोडी लागली तर पुरवणार कोण?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर दिलं त्यांच्या बायकोने. लीद भरलेलं घमेलं खाली ठेवून ती म्हणाली, "लागू द्या की गोडी. मला कशाचीच लागू दिली नाही, काय मिळालं?"

आता आम्ही दोन आया मिळून आठवड्यातल्या एका अर्ध्या तासाची फी भरतो आणि शाळेच्या नोंदवहीत त्या मुलीचं नाव स्वार म्हणून लिहिलं जातं. हा काही उपाय नव्हे, हे मला कळतं. आम्ही पैसे थांबवले की तिची स्वारी थांबेल, म्हणजे परवानगी देणाऱ्यांच्या रांगेत आता मीही उभी आहे. हांगझोऊचे चौघेही युरोपात वर्षानुवर्षं राहून शिकले. त्यांच्या कष्टांविषयी मला आदरच आहे. पण दोन मुलींना सुवर्ण मिळालं म्हणून घोडेस्वारी मुलींसाठी खुली झाली, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. १९५२ साली एक नियम गेला. पैशाचा, जातीवर्गाचा, घरच्या धाकाचा नियम अजून जागच्या जागी आहे.

म्हणून काही साध्या मागण्या. स्पर्धांच्या नियमपत्रकात गडद ब्रीचेसना मुभा हवी. मैदानावर उघडं, पाणी असलेलं स्वच्छतागृह हवं. प्रत्येक घोडेस्वारी शाळेने पागेत राबणाऱ्यांच्या मुलामुलींसाठी आठवड्याचे काही तास बिनशुल्क राखावेत, मेहेरबानी म्हणून नव्हे, त्यांच्या आईबापांच्या कामाचा भाग म्हणून. शिकाऊ गटांत शाळेच्या घोड्यांसाठी वेगळ्या परीक्षा ठेवाव्यात, म्हणजे निवृत्त सावलीला परदेशातून आणलेल्या घोड्यांशी झुंजावं लागणार नाही.

आणि एक मागणी आपल्या घरांकडे. दहावीच्या वर्षी लेकीची घोडेस्वारी बंद होणार, असं आमच्याकडे कोणी न बोलताच ठरत आलं होतं. तिने ते बोलून दाखवायला लावलं आणि बोलल्यावर कोणालाच नीट कारण देता येईना. ती आठवड्यातून दोन सकाळी जात राहिली, दहावीही पास झाली.

मैत्रिणींनो, तुम्ही कुठला खेळ, कितव्या वर्षी सोडलात? कारण काय सांगितलं होतं? वन्संनी चाळीस वर्षांनी सांगितलं. तुम्ही एवढी वाट पाहू नका, लिहून कळवा.