आधी जामीन, मग भिंती

मुंबईत मानखुर्दच्या नियोजित नव्या तुरुंगाची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. आर्थर रोडला पाय ठेवायला जागा नाही, हे सरकारचे म्हणणे खरे आहे. १९२६ साली उभ्या राहिलेल्या त्या तुरुंगाची अधिकृत क्षमता हजाराच्या आत आणि आत कोंबलेली माणसे तीन हजारांवर. पण ही माणसे कोण, हा प्रश्न विचारल्याशिवाय मानखुर्दला एक वीटही रचू नये. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा सिद्धच झालेला नाही.

अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या कोर्टांत रोज काय घडते ते पाहा. साकीनाक्याच्या गाळ्यात राबणाऱ्या पोराला किरकोळ चोरीच्या गुन्ह्यात पंधरा हजारांचा जामीन मंजूर होतो, तरी तो आतच राहतो. हमीदार आणा, त्याचे रेशन कार्ड आणा, पगाराची पावती आणा, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला आणा! खोली भाड्याची, घरमालक हात झटकतो, नातेवाईक बीडला नाहीतर बिहारात. पुढच्या तारखेला पोलीस बंदोबस्त मिळाला नाही म्हणून पेशीही हुकते. त्याच जागी पैसेवाला आरोपी असता तर संध्याकाळी घरी जेवला असता. हा पोरगा गरिबीची शिक्षा भोगतो आहे आणि ती कोणत्याही न्यायाधीशाने सुनावलेली नाही.

यावर कायदा नाही असे कुणी म्हणू नये. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते, की पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर काही अपवाद वगळता त्याला बंधपत्रावर सोडा. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते जुन्या खटल्यांनाही लागू केले. जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, हा आदेश जानेवारी २०२३ चा. गरीब कैद्याच्या जामिनासाठी मदत देणारी केंद्राची योजनाही त्याच वर्षीची. कायदा आहे, आदेश आहे, पैशाची तरतूद आहे. फाइल हलवण्याची इच्छा तेवढी नाही.

शिक्षा झालेल्यांचेही तेच. न्याय संहितेत शिक्षा म्हणून सामुदायिक सेवा आली, पण मोजक्या सहा गुन्ह्यांपुरती. ही सेवा उपनगरातल्या कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वॉर्डात, कुणाच्या देखरेखीखाली करायची, याची चोख व्यवस्था सरकारने लावायला हवी. ज्या महाराष्ट्रात औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभारली आणि खुनाच्या कैद्यांच्या हाती शेती सोपवली, त्या राज्याला आज उंच भिंतीपलीकडचे काही सुचू नये, ही शरमेची गोष्ट आहे.

अट्टल गुन्हेगार मोकळे सोडा, असे कुणीच म्हणत नाही. त्यांना ठेवायला आर्थर रोड, ठाणे, तळोजा पुरे पडतील. फक्त तिथे अडकलेली गरीब माणसे आधी बाहेर काढा. जामीन मिळूनही आत असलेल्यांची यादी उपनगरातल्या प्रत्येक कोर्टाने दरमहा जाहीर करावी आणि ती यादी रिकामी होईपर्यंत मानखुर्दची निविदा काढू नये. नाहीतर नवा तुरुंगही दोन-चार वर्षांत तुडुंब भरेल आणि सरकार पुन्हा जागा शोधायला निघेल.