माणसाचा चावा

कुत्रा चावला की रोगी तासाभरात दवाखान्यात हजर. माणूस चावला तर मात्र तो तिसऱ्या दिवशी हात सुजल्यावर येतो आणि सांगतो, ‘डॉक्टर, पत्रा लागला.’

लंडनच्या पोलीस दलात हॅरी मॅलिन नावाचा मुष्टियोद्धा होता. १९२० साली अँटवर्पला त्याने ऑलिंपिकचे मिडलवेट गटाचे सुवर्णपदक मिळवले. १९२४ साली पॅरिसला फ्रान्सच्या ब्रूसकडून तो गुणांवर हरल्याचे जाहीर झाले. पण मॅलिनच्या छातीवर दातांचे व्रण होते. त्याने ते पंचाला दाखवले. (पोलिसाला पुराव्याची किंमत कळणारच!) पुढे स्वीडनच्या पदाधिकाऱ्याने तक्रार केली, तपासणी झाली, ब्रूस बाद ठरला आणि मॅलिन पुन्हा सुवर्णपदक घेऊन परतला.

आपल्याकडे बहुधा ठोसा मारणाराच जखमी होतो. समोरच्याचा दात मुठीच्या सांध्यावर रुततो. जखम तांदळाएवढी, पण मूठ उघडताच तोंडातले जंतू आत कोंडतात आणि सांधा सडू लागतो. अशी जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवा. हळद, चुना भरू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. धनुर्वाताचे इंजेक्शन, प्रतिजैविके लागू शकतात. टाके लगेच घातले नाहीत तर रागावू नका. भांडण कोणी काढले याच्याशी मला कर्तव्य नाही, दात लागला एवढे सांगा.

पोळ्याच्या मिरवणुकीत मारामारी केलेल्या एका तरुणाने मला हे चौथ्या दिवशी सांगितले. त्याचे मधले बोट अजून पूर्ण मिटत नाही.