बीबीए करू का, ताई?

मे महिना आला की दोन गोष्टी हमखास होतात. ऑफिसचा एसी मान टाकतो आणि आपल्या फोनवर नातेवाइकांचे मेसेज सुरू होतात. गळ्यात आयडी कार्डाची पट्टी अडकवून रोज लोकल पकडतो म्हटल्यावर अख्ख्या खानदानाला आपण फुकटातले करिअर काउन्सेलर वाटतो, बॉस! बारावीचा रिझल्ट लागायचा अवकाश, ‘अगं, आमच्या पिल्लाला जरा गाइड कर ना...’ आणि या गायडन्समधला एक प्रश्न आता अगदी ठरलेला. बीबीए करू का?

सो फ्रेंड्स, आजचा कॉलम त्या प्रश्नावर. कारण ‘कर ना, चांगला स्कोप आहे’ हे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. फी मात्र दुसरंच कुणीतरी भरतं.

आधी नावांचा गुंता सोडवू. मुंबई विद्यापीठाने १९९९-२००० मध्ये बीएमएस, म्हणजे बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज सुरू केलं. पुण्याकडे याच धाटणीच्या कोर्सला बीबीए म्हणतात. आडनावं वेगळी, पण घराणं एकच. बारावीनंतर तीन वर्षं अकाउंट्स, इकॉनॉमिक्स, मार्केटिंग, एचआर, बिझनेस लॉ असं सगळं थोडं थोडं. थाळी सिस्टिमच म्हणा ना!

मी स्वतः मास मीडियावाली. पण आमच्या कॉलेजमध्ये आमचा आणि बीएमएसवाल्यांचा मजला एकच होता. आम्ही कुर्ता-झोळीत, ते ब्लेझरमध्ये. कॅन्टीनला वडापाव खाताना टायवर चटणी सांडू नये म्हणून टाय खांद्यावर टाकायची त्यांची स्टाइल मला अजून आठवते. त्यांच्या तोंडी सतत तीच मंडळी असायची. हेन्री फेयॉलची १९१६ मधली व्यवस्थापनाची १४ तत्त्वं, अब्राहम मॅस्लोने १९४३ मध्ये मांडलेली गरजांची उतरंड, जेरोम मॅकार्थीचे १९६० मधले मार्केटिंगचे चार ‘पी’. आणि प्रेझेंटेशन कुठलंही असो, त्यात मुंबईच्या डबेवाल्यांची एक स्लाइड असणारच. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये त्यांच्यावर केस स्टडी केली, मग आमच्या पोरांनी का मागे राहायचं? गंमत म्हणजे डबेवाले रोज सकाळी आमच्या स्टेशनवरच डब्यांची उलथापालथ करायचे. पण त्यांच्याशी जाऊन बोलल्याचं त्या वर्गात मी कुणाकडून ऐकलं नाही. स्लाइड डाऊनलोड करणं सोपं होतं ना!

आता पैशाचं बोलू. हे बहुतेक कोर्स सेल्फ फायनान्स, म्हणजे विनाअनुदानित. अनुदानित बीकॉमला शिकवणाऱ्या प्राध्यापकाचा पगार सरकारकडून येतो. इथे तो तुमच्या फीमधून निघतो. म्हणून फी कितीतरी जास्त. याचा फायदाही आहे. चांगलं कॉलेज त्या पैशातून इंडस्ट्रीतली माणसं शिकवायला बोलावतं, वर्ग छोटे ठेवतं. वाईट कॉलेज त्याच पैशातून रिसेप्शनला काचेचा दरवाजा बसवतं. दोघांच्या ब्रोशरवर हसणारी मुलं मात्र सारखीच!

आणि नाव किती महत्त्वाचं असतं हे बघायचं असेल तर २०२४ ची भानगड आठवा. एआयसीटीईने २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे कोर्स आपल्या अखत्यारीत घेतले. त्यामुळे महाराष्ट्रात या कोर्सेसना पहिल्यांदाच राज्याची सीईटी आली. परीक्षा झाली २९ मे २०२४ ला. राज्यात जागा लाखाच्या वर आणि परीक्षेला बसलेली मुलं पन्नास हजारांच्या आत! सीईटी द्यावी लागते हे कित्येकांना कळलंच नव्हतं. मग ऑगस्टमध्ये पुन्हा एक सीईटी घ्यावी लागली. दरम्यान अनेक कॉलेजांनी शक्कल लढवली. बीएमएसचं नाव बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज केलं. बीकॉम म्हटलं की सीईटी नको, एआयसीटीईची मान्यता नको. अभ्यासक्रम बराचसा तोच, लेबल नवं. मार्केटिंगच्या पुस्तकात याला रिब्रँडिंग म्हणतात. बीएमएसच्या पोरांना याहून ताजी केस स्टडी कुठे मिळणार?

या सगळ्यात बिचाऱ्या पदवीची इमेज कायम ‘अर्धं एमबीए’ अशी. कुणी बीबीए झालं की अभिनंदनाआधी प्रश्न येतो, ‘मग एमबीए कधी?’ खरं तर इतिहास उलटा आहे. अमेरिकेतलं व्हार्टन स्कूल १८८१ मध्ये उघडलं, ते पदवीच्याच मुलांसाठी. तिथे एमबीए आलं १९२१ मध्ये. हार्वर्डचं एमबीएसुद्धा १९०८ चं. म्हणजे ही धाकटी नाही हो, थोरली बहीण आहे! आपल्याकडेही बारावीनंतर मॅनेजमेंट शिकवायचा मोह आयआयएमना झालाच. आयआयएम इंदूरने २०११ मध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा इंटिग्रेटेड कोर्स सुरू केला.

पण इतिहासाने फी भरली जात नाही, हे मला मामाने शिकवलं.

माझा मामा चिपळूणला एका पतपेढीत क्लार्क आहे. मामेबहिणीला बीबीए करायचंय, तेही पुण्यात. मागच्या वर्षी त्याने मला फोन केला. मी लीडरशिप, सॉफ्ट स्किल्स, एक्सपोजर असं बरंच काही बोलले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘अगं, ते सगळं ठीक आहे. तीन वर्षांची फी, होस्टेल, मेस मिळून एवढे पैसे जाणार. निम्मे माझ्याकडे आहेत, निम्मे कर्जाने काढायचे. बाहेर पडल्यावर ती हप्ता कशातून भरणार, तेवढं सांग.’

रिटर्न ऑन इन्व्हेस्टमेंट! ज्याने फेयॉलचं नाव ऐकलेलं नाही, त्याने बीबीएचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न एका वाक्यात विचारला. माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं, म्हणून मी आमच्या मजल्यावरच्या जुन्या बीएमएसवाल्यांना फोन लावले. एकजण मीडिया प्लॅनिंगमध्ये, एकजण बँकेत सेल्सला, दोघांनी पुढे एमबीए केलं. सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट सांगितली एका डोंबिवलीकर मित्राने.

त्याच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला बाकीची जनता सीनिअर्सची फाइल कव्हर बदलून वापरत होती. या पठ्ठ्याने स्वतःचं दुकान घेतलं. महिनाभर रोज संध्याकाळी गल्ल्यावर वही घेऊन बसला. वडिलांची तक्रार जुनी होती, ‘धंदा चाललाय, नफा होतोय, पण हातात पैसा राहत नाही.’ वही भरल्यावर दिसलं काय? बिल्डिंगची कामं घेणारे कॉन्ट्रॅक्टर माल उधारीवर नेत होते आणि पैसे तीन-तीन महिन्यांनी देत होते. होलसेलरला मात्र महिन्याच्या आत पैसे लागत. मधले दोन महिने वडील स्वतःच्या बचतीतून कॉन्ट्रॅक्टरचा धंदा चालवत होते! शिवाय माळ्यावर कुणीही न विचारणाऱ्या नळांची खोकी पडली होती, तोही अडकलेला पैसाच. पुस्तकात याला वर्किंग कॅपिटल म्हणतात. परीक्षेत यावर गणित येतं आणि पोरं ते पाठही करतात.

मग त्यांनी मोठ्या दोन कॉन्ट्रॅक्टरना सांगितलं, महिन्याच्या आत पैसे द्या आणि बिलात थोडी सूट घ्या. न खपणारा माल मागवणं बंद केलं. वडील एवढंच म्हणाले, ‘मला हे जाणवत होतं रे, पण कागदावर कधी बघितलं नव्हतं.’ आज दुकान तोच बघतो. एमबीए केलेलं नाही. कधी करणार, असं आता कुणी विचारतही नाही.

मला वाटतं, या पदवीचं खरं मोल इथे आहे. अठराव्या वर्षी आपण स्वतः कधी पगार घेतलेला नसतो, कुणाला दिलेला तर त्याहून नाही. त्या वयात वर्किंग कॅपिटल हा नुसता शब्द असतो. तो एखाद्या खऱ्या गल्ल्याला नेऊन टेकवला तर पदवी कामाची. नाहीतर तीन वर्षं पीपीटी आणि ब्लेझरची ड्रायक्लीनिंगची बिलं!

म्हणून मामाला मी जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. कॉलेजला तीन प्रश्न विचारा. फायनान्स आणि अकाउंट्स शिकवणारे कायमचे आहेत की तासावर येणारे? इंटर्नशिप कुठल्या कंपन्यांत, किती आठवड्यांची, आणि मागच्या बॅचच्या दोघा-तिघांशी बोलता येईल का? मार्कशीटवर कोर्सचं नाव नेमकं काय येणार? सीईटीचे नियम बदलत असतात, तेव्हा फॉर्म भरायच्या आधी सीईटी सेलची सूचना स्वतः वाचा. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. चौथ्या वर्षाची फीसुद्धा आजच हिशेबात धरा. आणि हो, कॅट असो की एमपीएससीची राज्यसेवा, कुठल्याही शाखेची पदवी चालते. त्यामुळे ‘एमबीएसाठी बीबीए करावंच लागतं’ असं कुणी सांगितलं तर चहा पाजून वाटेला लावा. अनुदानित बीकॉम करून, उरलेल्या पैशात एखादं चांगलं स्किल शिकणं हाही ऑप्शन आहे, आणि त्यात काहीही डाऊनमार्केट नाही.

आणखी एक टेस्ट आहे, अगदी फुकट. पुढच्या वेळी एखादं पिल्लू विचारेल, ‘ताई, बीबीए करू का?’ तेव्हा त्याला लिंक फॉरवर्ड करू नका. सांगा, घराजवळच्या ओळखीच्या दुकानात दोन संध्याकाळ बस. वाणी चालेल, झेरॉक्सवाला चालेल, पोळी-भाजी केंद्रवाल्या काकू चालतील. आणि शोधून काढ, यांचा पैसा नेमका कुठे अडकतो.

दुसऱ्या संध्याकाळी ते कंटाळून घरी आलं, तर मामांचे पैसे वाचले. आणि आठ वाजून गेले तरी ‘काकू, अजून एक विचारू?’ चालूच असेल, तर खुशाल फॉर्म भरा!