क्रीडांगण : झाशीची मुलगी आणि एक सेंटिमीटर

झाशी म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम किल्ला उभा राहतो, आणि मग घोड्यावरची राणी. ते स्वाभाविकच आहे. याच शहरातील गणेशमंदिरात १८४२ साली मणिकर्णिका तांबे ही नेवाळकरांची सून झाली. परंतु खेळाच्या जगात झाशीची ओळख दुसऱ्याच एका नावाने आहे. ते नाव मेजर ध्यानचंद यांचे. १९२८, १९३२ आणि १९३६ या तिन्ही ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघातील हा थोर खेळाडू झाशीत राहिला, ‘झाशी हीरोज’ या आपल्या गावच्या संघाकडून खेळला, आणि १९३३ साली त्या संघाने कलकत्त्यास बेटन चषक जिंकला तेव्हा तोही त्यात होता.

आज मात्र या सदरात आपण ना राणीविषयी बोलणार आहोत, ना मेजरसाहेबांविषयी. विषय आहे याच गावच्या एका शिवणकाम करणाऱ्या आईच्या मुलीचा, आणि तिच्या हातून निसटलेल्या एका सेंटिमीटरचा.

२०२१ सालचा ऑगस्ट महिना आपणां सर्वांच्या स्मरणात असेल. ६ तारखेला देशातील सर्वोच्च क्रीडापुरस्कारास मेजर ध्यानचंद यांचे नाव देण्यात आले. ७ तारखेस टोकियोत नीरज चोप्रा याने भालाफेकीत सुवर्णपदक मिळवले आणि घरोघरी पेढे वाटले गेले. त्या आनंदाच्या गडबडीतच केनियातील नैरोबी येथे वीस वर्षांखालील खेळाडूंची जागतिक मैदानी स्पर्धा सुरू झाली. तिच्याकडे फारच थोड्यांचे लक्ष होते. तेथे मुलींच्या लांब उडीत भारतातर्फे उतरली होती झाशीची शैली सिंग. वय अवघे सतरा.

तिच्या आईने एकटीने, शिलाई करून, तीन मुले वाढवली. कपडे बेतण्या-शिवण्याच्या मिळकतीत घरभाडे, शाळा आणि दोन वेळचे जेवण बसवायचे म्हणजे काय, हे आपल्यापैकी अनेक भगिनींना सांगावयास नको. अशा घरात खेळाचे बूट ही चैनीचीच वस्तू ठरते. तरी या माउलीने मुलीस वयाच्या चौदाव्या वर्षी दूर बंगळूरास धाडले. तेथे अंजू बॉबी जॉर्ज आणि त्यांचे पती रॉबर्ट यांच्या संस्थेत तिचे शिक्षण सुरू झाले. अंजू म्हणजे २००३ साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत ६.७० मीटर उडी घेऊन कांस्यपदक मिळवणारी, जागतिक मैदानी स्पर्धेत पदक मिळवणारी पहिली भारतीय खेळाडू. झाशीहून बंगळूर म्हणजे भाषा वेगळी, जेवण वेगळे, हवा वेगळी. चौदा वर्षांच्या मुलीला घराबाहेर ठेवताना आईच्या मनाची काय अवस्था झाली असेल, ते कोणत्याही पदकाच्या यादीत नोंदलेले नसते.

आता नैरोबीकडे वळू. जूनमध्ये पतियाळा येथील आंतरराज्य स्पर्धेत शैलीने ६.४८ मीटर उडी घेतली होती. नैरोबीच्या पात्रता फेरीत ६.४० मीटर घेऊन तिने पहिले स्थान मिळवले. अंतिम फेरी २२ ऑगस्टला झाली. पहिली उडी ६.३४. दुसरीही ६.३४. तिसऱ्या उडीत तिने ६.५९ मीटर गाठले, आणि सतरा वर्षांची ही मुलगी जगात सर्वांच्या पुढे जाऊन उभी राहिली. चौथ्या फेरीत स्वीडनच्या माया आस्काग हिने उडी घेतली. फीत लागली, आकडा झळकला : ६.६०.

शैलीच्या चौथ्या व पाचव्या उड्या बाद ठरल्या. सहावी ६.३७ भरली. सुवर्णपदक आस्कागला, रौप्य शैलीला, आणि ६.५० मीटरांवर कांस्य युक्रेनच्या मरिया होरेलोव्हाला.

एक सेंटिमीटर म्हणजे किती? करंगळीच्या नखाएवढे. शिवणकाम करणाऱ्या बाईला विचारा, ती शिवणीत त्याहून अधिक कापड दाबते! आणि येथे एक गमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. उडी मोजताना पूर्ण सेंटिमीटरच धरले जातात. वरचे मिलिमीटर सोडून देतात. म्हणजे ६ मीटर ५९ सेंटिमीटर आणि ९ मिलिमीटर अशी उडी असली, तरी कागदावर ६.५९ च लागते. तेव्हा त्या दोघींमधील खरे अंतर दोन सेंटिमीटरांच्या जवळपास असू शकते, किंवा एखाद्या मिलिमीटराचेही असू शकते. नियम सर्वांना सारखाच आहे, त्यामुळे तक्रारीस जागा नाही.

हातोडाफेकीशी तुलना करून पाहा. पुरुषांच्या या प्रकारात ७.२६ किलो वजनाचा लोखंडी गोळा तारेच्या टोकाला बांधलेला असतो, आणि खेळाडू २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात गिरक्या घेत तो भिरकावतो. २०११ साली दक्षिण कोरियातील देगू येथील जागतिक स्पर्धेत जपानच्या कोजी मुरोफुशीने ८१.२४ मीटर फेक करून सुवर्णपदक जिंकले. हंगेरीचा पार्श ८१.१८ मीटरांवर राहिला. एक्याऐंशी मीटरांत सहा सेंटिमीटर! पूर्वी तर हातोडा, थाळी आणि भाला यांची फेक दोन-दोन सेंटिमीटरांच्या मापानेच नोंदवीत असत. एका सेंटिमीटरने हरण्याची सोयच त्यांत नव्हती. लांब उडीला ती सवलत कधी मिळाली नाही.

आपल्या देशाला अशा निसटत्या पराभवांचे दुःख नवे नाही. १९६० साली रोममध्ये मिल्खा सिंग यांचे कांस्यपदक सेकंदाच्या दहाव्या भागाने गेले. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे पी. टी. उषा यांनी ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ५५.४२ सेकंदांत पुरी केली, कांस्यपदक ५५.४१ ला मिळाले. या दोन्ही कथा आपण मुलांना इतक्या हळहळीने सांगत आलो आहोत, की त्यांतील धावण्याचे वर्णन मागे पडून हळहळच तेवढी शिल्लक राहिली आहे. मला ही सवय बरी वाटत नाही. नैरोबीनंतरही काही ठिकाणी ‘सुवर्ण हुकले’ एवढेच ठळक छापले गेले. जूनमधील ६.४८ वरून दोन महिन्यांत ६.५९ वर गेलेली ही मुलगी त्या मथळ्यात कोठे आहे?

शिवाय लक्ष द्यावयाचे तर त्या एका सेंटिमीटरापेक्षा दोन बाद उड्यांकडे द्यावे. लांब उडीत सुमारे पस्तीस-चाळीस मीटर भरधाव यायचे, आणि अखेरचे पाऊल वीस सेंटिमीटर रुंदीच्या फळीवर अचूक टाकायचे असते. त्या वेळी पुढच्या प्लॅस्टिसिनच्या पट्टीवर बुटाची खूण उमटली, की पंचाचे लाल निशाण वर जात असे. फळीच्या अलीकडून उडावे, तर तेवढे अंतर फुकट जाते. फळी ओलांडावी, तर सारेच जाते. वेग थोडा वाढला की पावले लांबतात, आणि आधी आखून ठेवलेली धाव चुकते. हे गणित वर्षानुवर्षांच्या सरावानेच बसते. सतराव्या वर्षी ते पुरते बसले नव्हते, यात नवल ते काय?

पुढचा मार्गही सरळ नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये बंगळूर येथे तिने ६.७६ मीटर उडी घेतली. त्या वेळी भारतीय महिलांत तिच्यापुढे केवळ अंजू यांची २००४ सालची ६.८३ ची उडी होती. जुलैमध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत ६.५४ मीटरांवर रौप्यपदक मिळाले. त्याच वर्षी हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत मात्र ती पाचवी आली, आणि रौप्यपदक तिच्याच देशभगिनीने, अॅन्सी सोजनने, मिळवले. घरच्याच मुलीशी चुरस लागली, हे एका अर्थी उत्तमच झाले.

एप्रिल २०२५ मध्ये कोचीन येथे फेडरेशन चषकाची स्पर्धा भरली. त्या स्पर्धेतील महिलांच्या लांब उडीचा विक्रम २००२ सालापासून अंजू बॉबी जॉर्ज यांच्या नावावर होता, आणि तो आकडा होता नेमका ६.५९ मीटर. शैलीने त्या दिवशी ६.६४ मीटर उडी घेतली.