नुसती प्रिंट नको, डिझाइन बदला!

९ मे २०२४ ला ‘इस्रो’ने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं थ्रीडी प्रिंटेड इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिलं. १४ भागांचा एकच भाग झाला, १९ वेल्ड जोड गेले. ५६५ किलो धातूऐवजी १३.७ किलो पावडर पुरली!

ही करामत एकट्या मशीनची नाही, नव्यानं विचार केलेल्या डिझाइनचीही आहे. लेथसाठी काढलेला पार्ट तसाच प्रिंटला टाकला, तर बहुतेक वेळा तो महागच पडतो. कोणते भाग जोडायचे, प्रिंट कोणत्या बाजूनं उभी करायची, सपोर्ट कुठे लागेल, हे आधी ठरवावं लागतं.

केंद्राच्या २०२२ च्या अॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग धोरणात एक लाख कुशल मनुष्यबळाचं लक्ष्य होतं. परदेशात कॅमशाफ्ट पाठवणाऱ्या सोलापुरातल्या इंजिनीअरिंगच्या पोरांना त्यात जागा हवी असेल, तर व्हायव्हात ‘प्रिंट निघाली का?’च्या आधी ‘डिझाइन काय बदललंस?’ हे विचारलं गेलं पाहिजे.