मानसोपचार विभागातील औषधांचा खंड थांबवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
जिल्हा सामान्य रुग्णालय

संदर्भ : याच विषयावरील आमचे यापूर्वीचे अर्ज व आपल्या दालनातील बैठक

महोदय,

आम्ही स्किझोफ्रेनिया असलेल्या शुभार्थींचे शुभंकर, म्हणजे आईवडील, भावंडे व जोडीदार. आधीच्या अर्जांवर पोचेच्या शिक्क्यापलीकडे काही मिळाले नाही, म्हणून पुन्हा लिहीत आहोत.

बैठकीत ‘दिवाळीपूर्वी साठा येईल’ असे सांगण्यात आले. दिवाळी गेली. मग मार्चअखेरचे कारण आले, आता नव्या निविदेचे. तोवर रिस्पेरिडोन, ओलान्झापिनपुढे ‘बाहेरून घ्या’ असा शेरा मारून केसपेपर परत दिला जातो.

बाहेरून म्हणजे गावातल्या मेडिकलमधून. तिथे चिठ्ठी दाखवली की संध्याकाळपर्यंत गावभर होते. आमच्यातील एक आई मुलाच्या गोळ्या पाकिटातून सोडवून कॅल्शियमच्या डबीत ठेवते, कारण घरात मुलीच्या सोयरिकीची बोलणी चालू आहेत. तालुक्याहून आणाव्यात तर दिवसाची मजुरी बुडते. मग गोळी एक दिवसाआड होते, पुढे बंद. झोप उडते, संशय वाढतो, आवाज परत ऐकू येतात, नातेवाईक देवऋष्याकडे न्यायला लावतात. शेवटी तोच मुलगा हातपाय बांधलेल्या अवस्थेत आपल्याच अपघात विभागात येतो आणि आम्हाला विचारले जाते, ‘गोळ्या का बंद केल्या?’

क्लोझापिनमध्ये ४८ तासांहून जास्त खंड पडला, तर पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढवत न्यावे लागते, हे आपण जाणताच. तरीही ‘सोमवारी या’ असे सहज सांगितले जाते.

खिडकीवर ‘मेंटलवाले बाजूला थांबा’ असे ओरडणे बंद करू, हा शब्दही आपण दिला होता. ओरडणे चालूच आहे. १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाचे फलक त्याच भिंतीवर लागतात.

आमच्या मागण्या :

१. वरील औषधे व फ्लुफेनाझिनचे इंजेक्शन यांचा किमान तीन महिन्यांचा साठा कायम ठेवावा आणि तो संपण्याआधी स्थानिक खरेदी करावी.
२. स्थिर रुग्णांना एका वेळी महिन्याभराची औषधे द्यावीत.
३. रुग्णांना नावाने हाक मारावी.
४. क्लोझापिनच्या रुग्णांची रक्ततपासणी ओपीडीच्या दिवशीच व्हावी.
५. समुपदेशकाचे रिक्त पद भरावे.

तोंडी आश्वासन आता नको. पंधरा दिवसांत तारखेसह लेखी उत्तर द्यावे. अन्यथा आम्ही सर्व शुभंकर जिल्हाधिकारी कार्यालयासमोर धरणे धरू.

आपले विश्वासू,
शुभंकर स्वमदत गटाचे सदस्य